जव्हार-मोखाडा प्रबंधाचा विषय झाला, आता प्रबंधकार हवेत!

पीएच.डी. करून ही मुले असे काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा सवाल डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या विधान परिषदेत विचारला गेला. विचारणारा कुणी नवखा सदस्य नव्हता, तेव्हाचे उपमुख्यमंत्रीच होते. चर्चा चालली होती संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीची. पुढे सारवासारव झाली. परंतु तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. त्या एका वाक्यात या राज्यातील प्रस्थापितांचे मन उघडे पडले. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सत्तेचे दिवे जळत आले, त्यांना अंधारात चाचपडणाऱ्याची धडपड काय कळणार?

या सवालाचे उत्तर दिलेच पाहिजे. पण ते मुंबई-पुण्यात बसून देता येणार नाही. त्यासाठी जव्हार-मोखाड्याचा घाट चढावा लागेल.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. दहातली नऊ माणसे आदिवासी. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा जमातींची ही भूमी. १९४८ पर्यंत इथे मुकण्यांचे जव्हार संस्थान होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. जव्हार जिल्हा व्हावा ही इथली जुनी मागणी होती, मुख्यालय मात्र रेल्वेच्या रुळाजवळ पालघरला गेले. आजही या दोन तालुक्यांत रेल्वेचे एक स्टेशन नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा अवघे राज्य हादरले होते. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी ते पुन्हा हादरले. प्रत्येक वेळी मंत्र्यांच्या गाड्या आल्या, समित्या आल्या, अहवाल आले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव साजरा करीत असताना, मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीच्या एका बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून झोळीत घालून डोंगर उतरवावे लागले. तिची जुळी बाळे वाचली नाहीत.

याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. आणि उन्हाळा लागला की त्याच मोखाड्यातील पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. दिवाळी झाली की माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. म्हणजे जव्हार-मोखाड्याचे पाणी मुंबईला जाते आणि मजूर वीटभट्टीला जातो. तिसरीही एक गोष्ट इथून बाहेर जाते. तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे माहिती!

होय, माहिती! जव्हार-मोखाडा आणि आसपासचा हा आदिवासी पट्टा विद्वानांना फार जुन्या काळापासून आवडत आला आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी महादेव कोळ्यांविषयी लिहून ठेवले. के. जे. सावे यांचे वारल्यांवरील पुस्तक १९४५ साली आले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले डॉ. घुर्ये यांनी १९५७ साली महादेव कोळ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यानंतर कुपोषणावर, स्थलांतरावर, आश्रमशाळांवर, वारली चित्रांवर, भगताच्या झाडपाल्यावर किती प्रबंध आणि प्रकल्प झाले असतील! हिवाळा आला की पाड्यावर प्रश्नावल्या येतात. घरात माणसे किती, जेवणात काय असते, मूल किती किलोचे, नवरा दारू पितो काय? पाड्यावरची बाई नागलीची भाकर थापता थापता उत्तरे देते. फोटो काढून होतो. संशोधक निघून जातात. पुढे त्या माहितीवर कुणाला पदवी मिळते, कुणाला बढती मिळते, कुणाला परदेशातल्या परिषदेचे निमंत्रण मिळते. त्या बाईला काय मिळते? तिने दिलेल्या उत्तरांचे काय झाले हे सांगायलाही सहसा कुणी परत येत नाही.

सगळे संशोधक वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिकपणे लिहिणारेही होऊन गेले, आजही आहेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती नाव ठेवण्याचा अधिकार. याच घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवून टाकले. ज्यांच्याविषयी हा निवाडा झाला, त्यांच्या बाजूने प्रतिप्रबंध लिहायला तेव्हा वारली, कातकरी समाजातला कोण होता? कोर्टात निदान आरोपीला वकील तरी मिळतो. विद्यापीठाच्या कोर्टात आदिवासीला तोही मिळाला नाही.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मोठेपण इथे लक्षात येते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तोपर्यंत जातीवर कोण लिहीत होते? गोरे साहेब लिहीत होते आणि शास्त्री-पंडित लिहीत होते. अस्पृश्य हा त्यांच्या लिखाणाचा विषय होता. त्या दिवशी तो विषयच उठून उभा राहिला आणि संशोधक म्हणून बोलू लागला. विषयाचा संशोधक होणे ही साधी गोष्ट नाही. आज जव्हार-मोखाड्याला नेमकी हीच गोष्ट हवी आहे.

आणि हीच गोष्ट व्यवस्थेला नको आहे की काय, असे वाटावे इतके अडथळे तिने वाटेत रचून ठेवले आहेत. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून निघालेल्या मुलाची किंवा मुलीची वाट कशी असते ती पाहू या. घरात वारली किंवा कातकरी बोली. आश्रमशाळेत गेल्यावर पुस्तकी मराठी ही पहिली परकी भाषा. बारावीनंतर जव्हार-मोखाड्यातल्या महाविद्यालयात पदवी घ्यायची, एम.ए., एम.एस्सी.साठी नाशिक, ठाणे किंवा मुंबई गाठायची. तिथे इंग्रजी ही दुसरी परकी भाषा. बहुतेक विषयांत प्रबंध याच दुसऱ्या परक्या भाषेत लिहायचा असतो. म्हणजे आईला जे मुलाने बोलीत विचारायचे, ते मराठीत टिपायचे आणि इंग्रजीत सिद्ध करायचे! शहरातला मुलगा एका भाषेत जे काम करतो ते हा तीन भाषांत करतो. आणि तरीही म्हणायचे, यांच्यात गुणवत्ता नाही.

त्याआधी जातवैधता प्रमाणपत्र काढावे लागते. बोगस आदिवासींनी खऱ्यांच्या जागा बळकावल्या. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बनावट दाखल्यावरील नोकऱ्यांना संरक्षण नाकारले, ते योग्यच झाले. पण चोरी केली एकाने आणि पुराव्यासाठी हेलपाटे दुसऱ्यालाच! पणजोबाच्या शाळेचा दाखला आणायला सांगतात. ज्या पाड्यावर शाळाच नव्हती तिथला पणजोबा दाखला कुठून आणणार?

मग प्रवेश. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले की अधिछात्रवृत्तीत न बसलेल्या पण ‘नेट’च्या आधारे पीएच.डी.ला येणाऱ्या उमेदवारांसाठी ७० टक्के भार परीक्षेच्या गुणांना आणि ३० टक्के भार मुलाखतीला राहील. हे ३० टक्के फार धोक्याचे आहेत. मुलाखतीच्या टेबलापलीकडे कोण बसले आहे यावर तिथे बरेच ठरते. आडनाव विचारून, गाव विचारून, इंग्रजीचा उच्चार ऐकून गुण घटवले तर त्याचा पुरावा कुठे राहणार?

पुढे मार्गदर्शक मिळवणे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. आता विचार करा. विद्यापीठांतील, महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर काम भागवायचे. म्हणजे कायम प्राध्यापक कमी, म्हणून मार्गदर्शक कमी, म्हणून पीएच.डी.च्या जागा कमी. आरक्षण कागदावर शाबूत आणि जागाच नाहीत! आरक्षण न हटवता ते निकामी करण्याचा हा सरळ मार्ग आहे. ज्या जागा निघतात त्यांतही राखीव जागेपुढे ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा मारण्याची सोय आहेच.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पोटाचा. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार रुपये झाली. आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारतात. पण ती मिळते किती जणांना आणि मिळते केव्हा? अनुसूचित जमातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत साऱ्या देशासाठी वर्षाला ७५० जागा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आदिवासींची लोकसंख्या १० कोटींच्या वर. या हिशेबात मोखाड्याच्या वाट्याला काय येणार ते वाचकांनीच ठरवावे. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती, जिचा लाभ बौद्ध विद्यार्थ्यांनाही होत होता, ती बंद केल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगून टाकले. राज्याचे काय? बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील ८६१ संशोधकांना २०२३ साली आझाद मैदानावर ठाण मांडून बसावे लागले, तेव्हा कुठे सगळ्यांना अधिछात्रवृत्ती मंजूर झाली. पुढच्या तुकडीसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा घेतली, तर तिथे २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुढे आली. १० जानेवारी २०२४ च्या फेरपरीक्षेतही प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून गोंधळ झाला. ज्यांना एक प्रश्नपत्रिका धड काढता येत नाही, ते विद्यार्थ्यांना विचारतात, तुम्ही काय दिवे लावणार!

अधिछात्रवृत्तीची अट असते की संशोधन पूर्णवेळ करायचे, नोकरी करायची नाही. अट चुकीची नाही. पण मग पैसा दरमहा यायला नको काय? प्रगती अहवाल, हजेरी, घरभाड्याचा कागद, मार्गदर्शकाची सही, विभागाचा शिक्का, विद्यापीठाचे पत्र, बँक खात्याची जोडणी. या साखळीतली एक कडी अडकली की सगळेच अडकते. महिने लोटतात. नोकरी करायला बंदी आणि हातात पैसा नाही, अशा कात्रीत तो मुलगा सापडतो. वडील वीटभट्टीवर उचल घेऊन राबत असतात. ते विचारतात, “बाबा, तुझा पगार कधी सुरू होणार?” याचे उत्तर त्याच्याकडे नसते. घरी वाटते पोरगा शहरात मजेत आहे. शहरात वाटते पोरगा फुकटचे खातो. मुलीचे तर विचारूच नका. तिच्यासाठी नियमात दोन वर्षांची वाढीव मुदत आहे, २४० दिवसांपर्यंतची प्रसूती रजा आहे. पण घरच्यांनी लग्नाची घाई केली, वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्या सवलतींचा काय उपयोग?

या कात्रीत काय होते ते देशाने पाहिले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती, पावणेदोन लाख रुपये, त्याला मिळायची बाकी होती. वसतिगृहातून काढल्यावर तो आणि त्याचे साथी उघड्यावर तंबू ठोकून राहिले होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी भिल्ल समाजाची ही लेक. तिच्या जातीय छळाचा आरोप तिच्याच सहकारी डॉक्टरांवर झाला. रोहितची आई राधिकाताई आणि पायलची आई आबेदाताई २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक आई दलित, एक आई आदिवासी मुसलमान. दोघींचे दुःख एक आणि लढाईही एक. चळवळीने या दोन माउलींकडून शिकावे.

काही बांधव म्हणतील, आपल्या मुलांचेच प्रश्न सुटत नाहीत, त्यात जव्हार-मोखाड्याचे ओझे कशाला? तिथे बौद्धांची घरे मोजकीच. आमचे उत्तर सरळ आहे. बाबासाहेबांनी संविधान लिहिताना अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती हे शब्द शेजारी शेजारी ठेवले. कलम ४६ मध्ये दोघांच्या शैक्षणिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली. जो मसुदा बार्टीच्या विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती अडवतो, तोच आदिवासी विद्यार्थ्याचीही अडवतो. फोडा आणि झोडा हे प्रस्थापितांचे जुने शस्त्र आहे. त्यांच्या हाती ते आपण होऊन का द्यावे?

दुसरा आक्षेप, पीएच.डी. होऊनही नोकरी नाही, तर करायची कशाला? हा आक्षेप दुःखातून आलेला आहे, म्हणून त्याची टिंगल करणार नाही. तासिका तत्त्वावर राबणारे डॉक्टर आम्ही पाहतो. परंतु नोकरी नाही याचा दोष पदवीचा नाही, जागा न भरणाऱ्या सरकारचा आहे. पदवी सोडली तर सरकारची सुटकाच होईल.

बाबासाहेबांची पदवी तरी सुखासुखी आली काय? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पै-पै साठवली, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाईने उपाशीतापाशी संसार ओढला. लंडनला सादर केलेला प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपामुळे परत आला. तो पुन्हा लिहून १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. हाती यायला १९२७ साल उजाडले. आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष द्यायला बसले तेव्हा अस्पृश्याचा मुलगा साम्राज्याला रुपयाचे अर्थशास्त्र समजावून सांगत होता. पीएच.डी.ने दिवे कसे लागतात ते असे!

जव्हार-मोखाड्याचा संशोधक कोणते दिवे लावेल? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९७७ साली केला. तरी दिवाळीनंतर पाडे ओस का पडतात, हे तो आपल्याच आईबापाच्या उचलीच्या हिशेबावरून सिद्ध करील. २००६ च्या वनहक्क कायद्यात कसलेली जमीन किती आणि पट्ट्यावर मिळाली किती, हे तो मोजून दाखवील. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेच्या दप्तरात किती आणि प्रत्यक्षात किती, हे सांगेल. पोषण आहाराच्या आकड्यात आणि ताटात फरक कुठे पडतो हे बाहेरच्याला प्रश्नावलीतून कळत नाही, त्याला ते लहानपणापासून ठाऊक असते. हे स्वप्नरंजन नाही. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे, महादेव कोळी समाजातले डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि आदिवासींवर डझनांनी पुस्तके लिहून गेले. एक गारे होऊ शकतात तर प्रत्येक तालुक्यात दहा का होऊ नयेत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बार्टी असो, आदिवासी संशोधन संस्था असो की केंद्राचे मंत्रालय, अधिछात्रवृत्ती सरकारी पगारासारखी दरमहा ठरल्या तारखेला जमा झाली पाहिजे. उशीर झाला तर जबाबदारी अधिकाऱ्यावर ठेवावी, भुर्दंड विद्यार्थ्यावर नको. पात्र ठरलेल्या प्रत्येकाला ती मिळावी, जागांची कात्री नको. जव्हारला सुसज्ज संशोधन केंद्र आणि ग्रंथालय उभे राहावे, म्हणजे पुस्तकासाठी कलिना गाठावे लागणार नाही. सामाजिक शास्त्रांत मराठीत प्रबंध लिहिण्याची खरी मुभा असावी आणि इंग्रजीसाठी पहिल्या वर्षी मोफत वर्ग असावेत. राखीव प्राध्यापकांच्या जागा तातडीने भराव्यात. आणि या तालुक्यांवर जो कोणी प्रबंध लिहील, त्याने त्याचा सारांश सोप्या मराठीत संबंधित ग्रामसभेत वाचून दाखवलाच पाहिजे. माहिती ज्याची, त्याला तिचा हिशेब मिळालाच पाहिजे.

सरकार हे आपण होऊन करणार नाही. तोवर समाजाने काय करावे? आमच्या निवृत्त प्राध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी प्रत्येकी एका आदिवासी किंवा बौद्ध संशोधकाचा हात धरावा. अर्ज भरण्यापासून प्रबंधाचे इंग्रजी तपासण्यापर्यंत सोबत करावी. ठाणे, कल्याण, नाशिकच्या बुद्ध विहारांनी रात्री एक खोली अभ्यासाला आणि मुक्कामाला उघडी ठेवावी. जयंतीच्या डीजेचा खर्च थोडा कमी करून, अधिछात्रवृत्ती अडकलेल्या विद्यार्थ्याला बिनव्याजी उसनवारी देणारा निधी प्रत्येक शहरात उभारावा. नवल भथेना बाबासाहेबांसाठी जे करू शकले, ते आज चार घरे मिळून एका मुलासाठी करू शकतात.

आणि पाड्यावरच्या विद्यार्थी बंधू-भगिनींनो, तुम्हाला एकच सांगणे. पुढच्या हिवाळ्यात पाड्यावर प्रश्नावली येईल, तेव्हा उत्तरे जरूर द्या. पण प्रश्न विचारणाऱ्याला तुमचाही एक प्रश्न विचारा: हे सगळे आम्हीच लिहायचे तर कुठे नाव नोंदवावे लागते? आणि ते नाव नोंदवा.

जय भीम! जोहार!